एमे आणि जग्वार

'एमे' आणि 'जग्वार' ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बर्लिन शहरात परस्परांच्या प्रेमात पडलेल्या दोन स्त्रियांनी एकमेकींसाठी वापरलेली टोपणनावे होत. 'एमे' म्हणजे एलिझाबेथ ऊर्फ लिली वुस्ट (१ नोव्हेंबर १९१३ – ३१ मार्च २००६). त्या चार मुलांची आई असलेल्या जर्मन गृहिणी होत्या. 'जग्वार' म्हणजे फेलित्से श्रागेनहाइम (जन्म ९ मार्च १९२२). त्या नाझी राजवटीच्या छळापासून वाचण्यासाठी खोट्या नावाने राहणाऱ्या ज्यू तरुणी होत्या. नोव्हेंबर १९४२ मध्ये त्यांची ओळख झाली. एप्रिल १९४३ पासून त्या एका घरात राहू लागल्या आणि २१ ऑगस्ट १९४४ रोजी गेस्टापोने, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, फेलित्से यांना अटक केली. फेलित्से छळछावणीतून परतल्या नाहीत. ऑस्ट्रियन लेखिका व पत्रकार एरिका फिशर यांनी १९९४ साली या नात्यावर लिहिलेल्या पुस्तकाचे आणि त्यावर आधारित १९९९ सालच्या जर्मन चित्रपटाचे नावही 'एमे आणि जग्वार' असेच आहे.

पार्श्वभूमी

१९३३ साली ॲडॉल्फ हिटलर सत्तेवर आला त्या वेळी बर्लिनमध्ये सुमारे १,६०,००० ज्यू राहत होते. जर्मनीतील सर्वांत मोठा ज्यू समाज याच शहरात होता. १५ सप्टेंबर १९३५ च्या न्यूर्नबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले. त्याच दिवशी संमत झालेल्या 'जर्मन रक्त व जर्मन प्रतिष्ठा यांच्या संरक्षणाच्या' कायद्याने ज्यू आणि जर्मन यांच्यातील विवाह व विवाहबाह्य शरीरसंबंध या दोहोंवर बंदी घातली. नोव्हेंबर १९३८ च्या हिंसाचारानंतर ज्यू मुलांना सरकारी शाळांची दारे बंद झाली. १९ सप्टेंबर १९४१ पासून सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यू व्यक्तीला कपड्यांवर पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले. १८ ऑक्टोबर १९४१ रोजी बर्लिनहून ज्यूंना पूर्वेकडे घेऊन जाणारी पहिली आगगाडी निघाली आणि त्याच महिन्यात ज्यूंच्या देशांतरावर बंदी आली.

बर्लिनमधून ५०,००० हून अधिक ज्यूंची अशा प्रकारे हद्दपारी झाली. सुमारे ७,००० जण मात्र हद्दपारीचा हुकूम न मानता शहरातच दडून राहिले. खोटी कागदपत्रे, उसनी नावे, रात्रीपुरता आसरा आणि ओळखीपाळखीतून मिळालेली शिधापत्रिकेची तिकिटे यांवर ते दिवस काढीत. पाण्याखाली दडणाऱ्या पाणबुडीवरून ते स्वतःला 'पाणबुड्या' म्हणवून घेत. त्यांपैकी सुमारे १,७०० जण युद्धाच्या शेवटपर्यंत तगले. फेलित्से श्रागेनहाइम या अशा 'पाणबुड्यां'पैकी एक होत.

फेलित्से श्रागेनहाइम

फेलित्से यांचा जन्म बर्लिनमधील एका सुशिक्षित, सुखवस्तू ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे आईवडील दोघेही दंतवैद्य होते. १९३० मध्ये आईचा मोटार अपघातात मृत्यू झाला आणि १९३५ मध्ये वडीलही वारले. थोरली बहीण इरेन युद्धापूर्वीच इंग्लंडला गेली आणि बचावली. सावत्र आई १९३९ साली पॅलेस्टाइनला गेली. फेलित्से मात्र बर्लिनमध्ये आजीजवळ राहिल्या.

त्यांचे शालेय शिक्षण ग्रुनेवाल्ड भागातील मुलींच्या माध्यमिक शाळेत झाले. १९३८ मध्ये त्यांना ती शाळा सोडावी लागली. पत्रकार होण्याची त्यांची इच्छा होती. त्या कविता करीत आणि त्यांच्या अनेक कविता आज उपलब्ध आहेत. देशाबाहेर जाण्याचे त्यांचे प्रयत्न एकामागून एक फसले. अमेरिकेचा व्हिसा मिळण्याची आशा होती, पण जुलै १९४१ मध्ये जर्मनीतील अमेरिकन वाणिज्य दूतावास बंद झाले आणि तो मार्गही संपला. पुढे त्यांना बाटल्यांची झाकणे बनविणाऱ्या कारखान्यात सक्तीची मजुरी करावी लागली.

ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांच्या आजीची थेरेझियनश्टाट येथे रवानगी झाली. तेथेच काही आठवड्यांत आजी मरण पावली. ऑक्टोबर १९४२ मध्ये फेलित्से यांच्या नावानेही हुकूम आला. त्यांनी आत्महत्या करीत असल्याची चिठ्ठी मागे ठेवली आणि त्या अदृश्य झाल्या. त्यानंतर त्यांना आसरा दिला तो इंगे वोल्फ या मैत्रिणीने.

लिली वुस्ट

लिली वुस्ट यांचा जन्म बर्लिनमध्येच झाला. त्यांचे पती ग्युंटर वुस्ट युद्धापूर्वी बँकेत नोकरीस होते व पुढे सैन्यात भरती झाले. काही लोकप्रिय लेखनात लिली यांचा उल्लेख 'नाझी अधिकाऱ्याची पत्नी' असा केला जातो. तो अचूक नाही. तथापि हे कुटुंब राजवटीच्या विरोधात मुळीच नव्हते. चार मुलगे झाल्याबद्दल लिली यांना सरकारचे 'मातृत्वपदक' मिळाले होते. जास्त अपत्यांना जन्म देणाऱ्या 'शुद्ध रक्ताच्या' जर्मन स्त्रियांना हे पदक दिले जाई. चार अपत्यांच्या मातेला त्याचा कांस्य वर्ग मिळत असे. ज्यूंविषयी त्या काळी सर्वत्र पसरलेले पूर्वग्रह त्यांच्याही मनात होते. ज्यू माणूस आपण तत्काळ ओळखू शकतो, असे त्या म्हणत, अशी आठवण सांगितली जाते.

भेट आणि सहजीवन

सरकारी नियमानुसार जर्मन तरुणींना एक वर्ष घरकाम किंवा शेतीकाम करावे लागे. इंगे वोल्फ यांना त्यासाठी वुस्ट कुटुंबाचे घर मिळाले. मालकिणीचे ज्यूंविषयीचे बोलणे ऐकून त्यांनी आपल्या मैत्रिणीची तिच्याशी गाठ घालून देण्याचे ठरविले. २७ नोव्हेंबर १९४२ रोजी प्राणिसंग्रहालयाच्या रेल्वे स्थानकाजवळील 'कॅफे बर्लिन' या उपाहारगृहात ही भेट झाली. फेलित्से यांनी आपले आडनाव 'श्राडर' असे सांगितले. लिली यांना कसलाही संशय आला नाही.

यानंतर फेलित्से श्मार्गेनडॉर्फ भागातील फ्रीडरिखशालर रस्त्यावरच्या वुस्ट यांच्या घरी वरचेवर येऊ लागल्या. मार्च १९४३ मध्ये लिली आजारी पडून रुग्णालयात असताना फेलित्से त्यांना नियमाने भेटावयास जात. याच दिवसांत मैत्रीचे रूपांतर प्रेमात झाले. दोघींनी २५ मार्च हा आपल्या वाङ्निश्चयाचा दिवस मानला. २ एप्रिल १९४३ रोजी फेलित्से त्या घरी राहावयास आल्या. फ्रेंच भाषेत 'प्रिय' असा अर्थ असलेले 'एमे' हे नाव त्यांनी लिली यांना दिले आणि स्वतः 'जग्वार' झाल्या.

आपण ज्यू असल्याचे फेलित्से यांनी मे १९४३ मध्ये सांगितले. एका बाजूला लिली यांची आजवरची समजूत होती, तर दुसऱ्या बाजूला समोर बसलेली व्यक्ती होती. लिली यांनी त्या व्यक्तीची निवड केली आणि तिला घरातच ठेवले. त्या क्षणापासून त्या जाणूनबुजून गुन्हा करीत होत्या. जून १९४३ च्या अखेरीस दोघींनी आपसांत एक 'विवाह-करार' लिहिला. काहीशा गमतीच्या, काहीशा गंभीर अशा या कागदांत एकमेकींना दिलेली वचने नोंदविली आहेत. ऑक्टोबर १९४३ मध्ये लिली यांनी पतीपासून कायदेशीर घटस्फोट घेतला.

या काळात फेलित्से यांनी एका नाझी वृत्तपत्राच्या बर्लिनमधील कचेरीत खोट्या नावाने लघुलेखिकेची नोकरीही केली. त्या अनेकदा कारण न सांगता घराबाहेर राहत. त्यांच्या हालचालींची पूर्ण माहिती लिली यांना नसे. दडून राहणाऱ्यांचा हा सर्वसाधारण नियमच होता, कारण जे ठाऊक नाही ते चौकशीत बाहेर येऊ शकत नाही.

नात्याची कायदेशीर बाजू

हे नाते नेमके कोणत्या कायद्यान्वये धोक्याचे होते, याविषयी बराच गोंधळ आढळतो. समलिंगी संबंधांना शिक्षा सांगणारे जर्मन दंडसंहितेचे १७५ वे कलम केवळ पुरुषांना लागू होते. 'वंशप्रतिष्ठेचा भंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुन्ह्याची व्याख्या स्त्री-पुरुष संबंधांपुरती होती आणि त्यात शिक्षेची तरतूद पुरुषासाठी होती. त्यामुळे दोन स्त्रियांचे प्रेम हा त्या काळच्या जर्मनीत स्वतंत्र गुन्हा नव्हता, जरी अशा स्त्रियांना समाजाच्या रोषाला आणि पोलिसांच्या संशयाला तोंड द्यावे लागे. खरा धोका होता तो एकीच्या ज्यू असण्याचा आणि दुसरीने तिला लपविण्याचा. २४ ऑक्टोबर १९४१ च्या हुकुमानुसार ज्यूंशी उघडपणे मैत्रीचे संबंध ठेवणाऱ्या जर्मन व्यक्तीला तीन महिन्यांपर्यंत छळछावणीत डांबता येत असे.

याउलट कायदेशीर विवाहाने मिळणारे थोडेसे संरक्षण फेलित्से यांच्या वाट्याला येणे शक्यच नव्हते. बंदीपूर्वी जर्मन व्यक्तीशी लग्न केलेल्या ज्यूंना बराच काळ हद्दपारीतून वगळले गेले. २७ फेब्रुवारी १९४३ रोजी बर्लिनच्या कारखान्यांतील उरलेल्या ज्यू मजुरांची धरपकड झाली, तेव्हा असे सुमारे २,००० जण रोझेनश्ट्रासे येथील इमारतीत कोंडले गेले. त्यांच्या जर्मन पत्नी व नातेवाईक अनेक दिवस इमारतीबाहेर जमून त्यांच्या सुटकेची मागणी करीत राहिले. अखेर त्यांतील बहुतेकांची सुटका झाली. ती या निदर्शनांमुळेच झाली काय, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. लिली आणि फेलित्से यांचे प्रेम जुळले ते याच आठवड्यांत. मात्र ज्या करारावर त्यांनी सह्या केल्या, त्याला कोणत्याही कचेरीत किंमत नव्हती. पत्नी म्हणून दाद मागण्याची सोय लिली यांना नव्हती.

अटक

२१ ऑगस्ट १९४४ हा उन्हाळ्यातील एक स्वच्छ दिवस होता. दोघी सायकलवरून हाफेल नदीवर पोहावयास गेल्या. तेथे त्यांनी कॅमेऱ्याची कळ आपोआप दाबली जाण्याची व्यवस्था करून एकमेकींसोबत छायाचित्रे काढली. पोहण्याच्या पोशाखातील, हसणाऱ्या, परस्परांना मिठी मारलेल्या दोन तरुण स्त्रियांची ही छायाचित्रे पुढे जगभर प्रसिद्ध झाली. त्याच दिवशी त्या घरी परतल्या तेव्हा गेस्टापोची माणसे आत वाट पाहत होती.

फेलित्से यांची खबर कोणी दिली, हे सिद्ध झालेले नाही. त्या काळी बर्लिनमध्ये शेजाऱ्यांकडून खबरी दिल्या जात. तसेच स्वतःची सुटका करून घेण्यासाठी दडलेल्यांना शोधून देणारे काही ज्यू खबरेही गेस्टापोने कामाला लावले होते. लिली यांची चौकशी झाली. त्यांना छावणीत मात्र पाठविले गेले नाही. चार लहान मुलांची आई असल्यामुळे त्या वाचल्या असे सामान्यतः मानले जाते.

फेलित्से यांना शुलश्ट्रासे येथील ज्यू रुग्णालयाच्या आवारात असलेल्या संकलन छावणीत ठेवण्यात आले. लिली तेथे जाऊन त्यांना खाण्याच्या वस्तू व कपडे देत. ८ सप्टेंबर १९४४ रोजी फेलित्से यांना थेरेझियनश्टाट येथे (सध्याचे चेक प्रजासत्ताकातील तेरेझीन) हलविण्यात आले.

छळछावण्या आणि मृत्यू

सप्टेंबर १९४४ च्या अखेरीस लिली यांनी एक अत्यंत धाडसाचे, आणि अनेकांच्या मते अविचाराचे, पाऊल उचलले. त्या रेल्वेने थेट थेरेझियनश्टाट येथे गेल्या आणि फेलित्से यांना भेटू देण्याची त्यांनी मागणी केली. छावणीच्या अधिकाऱ्याने त्यांना हाकलून दिले. ९ ऑक्टोबर १९४४ रोजी फेलित्से यांची रवानगी आउश्विट्झ येथे झाली. या भेटीमुळे फेलित्से यांच्याकडे अधिकाऱ्यांचे लक्ष वेधले गेले काय, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. त्या शरद ऋतूत थेरेझियनश्टाटहून हजारो कैद्यांना आउश्विट्झला पाठविले जात होते, हेही लक्षात घ्यावे लागते. त्यामुळे या भेटीशी थेट संबंध जोडण्यास आधार नाही.

आउश्विट्झहून फेलित्से यांना ग्रोस-रोझेन छळछावणीच्या कुर्त्सबाख या उपछावणीत नेण्यात आले. सायलीशिया प्रांतातील या उपछावणीत सुमारे १,००० ज्यू स्त्रियांकडून रणगाड्यांना अडविण्यासाठीचे खंदक खोदून घेतले जात. तेथे फेलित्से आजारी पडल्या. आजारपणाच्या काळात त्यांनी लिहिलेली काही पत्रे लिली यांच्यापर्यंत पोहोचली. डिसेंबर १९४४ च्या अखेरीस आलेले पत्र हे शेवटचे ठरले. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा जवळ आल्या तेव्हा ही उपछावणी रिकामी करण्यात आली आणि कैद्यांना गोठविणाऱ्या थंडीत पायी हाकलण्यात आले. फेलित्से यांचा अंत या वाटचालीत किंवा त्यानंतर एखाद्या छावणीत झाला असावा. १९४८ साली बर्लिनच्या न्यायालयाने त्यांना मृत घोषित करताना मृत्यूची तारीख ३१ डिसेंबर १९४४ अशी निश्चित केली. ही तारीख केवळ कायदेशीर सोयीची आहे. मृत्यूसमयी त्यांचे वय २२ वर्षांचे होते.

इतर ज्यू स्त्रियांना आसरा

फेलित्से यांच्या अटकेनंतर लिली यांच्या घरावर पोलिसांची नजर होती. असे असूनही युद्धाच्या अखेरच्या हिवाळ्यात त्यांनी तीन ज्यू स्त्रियांना आपल्या घरी लपविले. चित्रकार लोटे लाझरश्टाइन यांच्या भगिनी, शिक्षिका कॅथे लाझरश्टाइन या त्यांपैकी एक होत. सोव्हिएत सैन्य बर्लिनमध्ये शिरेपर्यंत तिघीही जिवंत राहिल्या. आपल्या प्रिय व्यक्तीला वाचवू न शकलेल्या लिली यांनी तीन अनोळखी स्त्रियांना वाचविले. या नात्याच्या कहाणीत हा भाग बहुधा दुय्यम मानला जातो; ऐतिहासिकदृष्ट्या मात्र तोच सर्वांत निर्विवाद आहे.

युद्धोत्तर जीवन

युद्ध संपल्यावर लिली यांनी फेलित्से यांचा शोध घेतला. तो निष्फळ ठरल्यावर त्यांनी दोघींची पत्रे, कविता व नोंदी एका वहीत उतरवून काढल्या आणि तिला 'अश्रूंची वही' असे नाव दिले. १९५० साली केलेला त्यांचा दुसरा विवाह अल्पकाळात मोडला. पुढील आयुष्य त्यांनी साधेपणाने, जवळजवळ प्रसिद्धीपासून दूर काढले. त्यांच्या मुलांपैकी एकाने ज्यू धर्म स्वीकारला आणि तो इस्राएलमध्ये स्थायिक झाला.

१९८१ साली, ज्यू स्त्रियांना लपविल्याबद्दल, पश्चिम जर्मन सरकारने लिली यांना संघराज्याचा गुणगौरव क्रूस हा सन्मान दिला. १९९५ साली जेरुसलेम येथील याद वाशेम या संस्थेने त्यांना 'राष्ट्रांमधील सज्जन' हा किताब दिला. ज्यूंच्या शिरकाणाच्या काळात स्वतःचा जीव धोक्यात घालून ज्यूंना मदत करणाऱ्या ज्यूेतर व्यक्तींना हा सन्मान दिला जातो. ३१ मार्च २००६ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. लिश्टरफेल्डे भागातील गीझेन्सडॉर्फच्या दफनभूमीतील त्यांच्या थडग्याच्या शिळेवर फेलित्से यांचीही स्मृती कोरलेली आहे.

पुस्तक, माहितीपट व चित्रपट

१९९१ मध्ये एरिका फिशर यांची लिली वुस्ट यांच्याशी भेट झाली. त्यानंतरच्या दीर्घ मुलाखती, जपून ठेवलेली कागदपत्रे आणि हयात मित्रमैत्रिणींच्या साक्षी यांच्या आधारे त्यांनी लिहिलेले पुस्तक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. 'एक प्रेमकथा, बर्लिन १९४३' असे त्याचे उपशीर्षक आहे. पुस्तकाची अनेक भाषांत भाषांतरे झाली. फेलित्से यांच्या जीवनावर फिशर यांनी २००२ मध्ये स्वतंत्र पुस्तकही लिहिले. ब्रिटनच्या बीबीसीसाठी कॅट्रिन क्ले यांनी १९९७ मध्ये या विषयावर माहितीपट तयार केला.

माक्स फेर्बरब्योक यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट १९९९ च्या बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाला दाखविण्यात आला. फेलित्से यांची भूमिका मारिया श्रादर यांनी, तर लिली यांची भूमिका युलियाने क्योलर यांनी केली. दोघींना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे 'रौप्य अस्वल' विभागून मिळाले. चित्रपटात इंगे वोल्फ यांच्यावरून बेतलेल्या 'इल्झे' या पात्राच्या तोंडून कथा सांगितली जाते. चित्रपटात नाट्यपूर्णतेसाठी काही प्रसंग कल्पिले आहेत, त्यामुळे ऐतिहासिक पुरावा म्हणून त्याचा उपयोग करता येत नाही.

वाद व मूल्यमापन

या कहाणीविषयी आज जे ठाऊक आहे ते बहुतांशी लिली यांच्या आठवणींतून आलेले आहे. फेलित्से यांची पत्रे व कविता उपलब्ध असल्या, तरी त्यांची बाजू सांगावयास त्या स्वतः उरल्या नाहीत. याच कारणामुळे काही आक्षेप घेतले गेले. जिचा जीव दुसरीच्या मौनावर अवलंबून होता, तिला प्रेमास नकार देण्याची मोकळीक कितपत होती, हा त्यांतील मूलभूत प्रश्न आहे. फेलित्से यांनी जुलै १९४४ मध्ये, अटकेच्या काही आठवडे आधी, आपली सर्व चीजवस्तू लिली यांच्या नावे करून देणारे दानपत्र लिहिले होते. त्यावरूनही पुढे शंका व्यक्त झाल्या. फेलित्से यांच्या एका हयात मैत्रिणीने तर लिली यांच्या हेतूंविषयीच उघडपणे संशय व्यक्त केला. या आरोपांना पुष्टी देणारा पुरावा मात्र पुढे आलेला नाही. स्वतः फिशर यांनीही पुस्तकात लिली यांच्याविषयी आदराबरोबरच आपली अस्वस्थता नमूद केली आहे.

दुसऱ्या बाजूने काही गोष्टी कागदोपत्री स्पष्ट आहेत. फेलित्से यांचे ज्यूपण कळल्यावर लिली यांनी त्यांना पंधरा महिने घरात ठेवले. अटकेनंतर छावणीच्या दारापर्यंत जाऊन भेटीचा प्रयत्न केला. पत्रव्यवहार शक्य होता तोवर चालू ठेवला आणि नंतर तीन जीव वाचविले. छावणीतून लिहिलेल्या फेलित्से यांच्या पत्रांतील जिव्हाळाही नाकारता येत नाही. गरज आणि प्रेम या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. राजवटीने एका माणसाचे जगणे दुसऱ्याच्या मर्जीवर टांगून ठेवले होते; त्या परिस्थितीची जबाबदारी त्या दोघींपैकी कोणावरही टाकता येत नाही.

वारसा

दोघींची पत्रे, कविता, छायाचित्रे आणि इतर कागदपत्रे आज बर्लिनच्या ज्यू संग्रहालयात जतन केलेली आहेत. नाझी काळातील स्त्रियांच्या समलिंगी प्रेमाचा इतिहास दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला होता. कायद्यात त्यासाठी स्वतंत्र गुन्हा नसल्यामुळे न्यायालयीन कागदपत्रांत त्याच्या खुणा फारशा सापडत नाहीत. या विषयाकडे सामान्य वाचकांचे लक्ष वेधण्याचे श्रेय बऱ्याच अंशी या पुस्तकाला व चित्रपटाला दिले जाते. बर्लिनमध्ये दडून राहिलेल्या ज्यूंचा आणि त्यांना मदत करणाऱ्या सामान्य जर्मन नागरिकांचा अभ्यास करतानाही हे उदाहरण वारंवार आधारासाठी घेतले जाते.